स्क्रीनचा व्हिडिओ हवा, आवाज नको: छोट्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर

प्रश्न असा आहे: "पतसंस्थेत संगणक विभाग बघतो. अकरा शाखा आहेत. नवीन सॉफ्टवेअर आलंय. मुदत ठेवीची नोंद, नूतनीकरण, दिवसअखेर हे कसं करायचं याचे व्हिडिओ करून शाखांना पाठवायचे आहेत. आवाज अजिबात नको. शाखांत स्पीकर नाहीत आणि माझ्या टेबलापाशी दिवसभर गोंगाट असतो. विंडोजवर ओबीएस टाकलं, माइक म्यूट केला, तरी फाइलमध्ये ऑडिओ दिसतोच. दहा मिनिटांची फाइल तीन जीबीची झाली. एकदा तर नुसता काळा पडदा रेकॉर्ड झाला. सोपा उपाय सांगा."

सोपा उपाय आधी देऊन टाकते. ओबीएसच्या (स्क्रीन रेकॉर्ड करणारा मोफत प्रोग्रॅम) सेटिंग्जमध्ये 'ऑडिओ' हे पान उघडा. तिथे डेस्कटॉप ऑडिओ आणि माइक यांच्या नावाने जितक्या ओळी आहेत, त्या सगळ्यांपुढे 'डिसेबल्ड' निवडा. आवाज येणं थांबलं. (विंडो कॅप्चरमध्ये 'कॅप्चर ऑडिओ' अशी एक वेगळी टिकही असते, ती तुम्ही मुद्दाम लावली नसेल तर काळजी नाही.)

पण तुमच्या प्रश्नाच्या गाठोड्यात चार प्रश्न आहेत. आवाज कसा घालवायचा, फाइल एवढी का फुगली, काळं का आलं, हे तीन तुम्ही विचारलेत. चौथा विचारलेला नाही: समजावून सांगणारा आवाजच काढून घेतल्यावर शाखेतल्या माणसाला कळणार कसं? मी चौदा वर्षं हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे शिकवणीचे व्हिडिओ करते, त्यातले निम्म्याहून जास्त मुके. पहिले तीन प्रश्न एका दुपारी सुटतात. चौथ्याने मला बरीच वर्षं रडवलं, म्हणून जास्त वेळ त्यावर घालवणार आहे.

आधी म्यूटचा घोळ. एमपीफोर किंवा एमकेव्ही फाइल म्हणजे कप्प्यांचा जेवणाचा डबा समजा. एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज. ओबीएसमध्ये म्यूट केलं किंवा ऑडिओ डिसेबल केला, तरी दुसरा कप्पा डब्याला लागलेलाच राहतो, फक्त त्यात काही नसतं. तुम्हाला फाइलमध्ये 'ऑडिओ' दिसतो तो हा रिकामा कप्पा. त्याने बिघडत काही नाही. तुम्हाला तो कप्पाच नको असेल तर एफएफएमपेग नावाच्या मोफत प्रोग्रॅमला 'चित्र जसंच्या तसं उचल, ऑडिओ घेऊ नको' असं सांगता येतं. त्यासाठीचा पर्याय आहे हायफन आणि पुढे ए-एन. चित्र पुन्हा दाबलं (कॉम्प्रेस केलं) जात नाही, त्यामुळे दर्जा तसूभर कमी होत नाही आणि काम काही सेकंदांत होतं. झालं की नाही हे बघायला फाइल व्हीएलसीमध्ये उघडून कंट्रोल आणि जे दाबा. आतल्या कप्प्यांची यादी येते. तिथे फक्त व्हिडिओ दिसला की समजायचं, आवाज खरंच नाही.

उलटा घोळ मात्र महागात पडतो: आवाज ऐकू येत नाही, पण फाइलमध्ये असतो. पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओ घालून तिथे म्यूट केला की तो त्या स्लाइडपुरता गप्प बसतो. आवाज आत तसाच राहतो. हे मी अनुभवाने सांगते. एका ग्राहक संस्थेसाठी केलेली फाइल मी अशीच 'गप्प करून' दिली होती. रेकॉर्डिंग चालू असताना मी आणि माझी सहकारी त्यांच्याच व्यवस्थापकांबद्दल जे बोललो होतो, ते त्यांच्यातल्या कुणीतरी म्यूट काढून ऐकलं. काम गेलं नाही, पण पुढच्या बैठकीला आम्हा दोघींना चहा जरा उशिराच मिळाला. तेव्हापासून माझा नियम एकच: आवाज नको असेल तर तो मुळात रेकॉर्डच करायचा नाही. नंतर कमी करणं, शून्यावर नेणं, लपवणं, काही नाही. सेटिंगमध्ये बंद करते आणि तरीही माइकची वायर काढून ठेवते.

कुठलं साधन वापरायचं हे तुमच्याकडे काय आहे त्यावर ठरतं. विंडोज ११ असेल आणि काम एक-दोन व्हिडिओंचंच असेल, तर ओबीएसची गरजच नाही. विंडोज, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा, स्निपिंग टूल उघडतं, हवा तो चौकोन आखा, पट्टीवरची माइक आणि स्पीकरची चिन्हं बंद असल्याची खात्री करा, सुरू करा. विंडोज १० वर गेम बार आहे (विंडोज, ऑल्ट आणि आर). सेटिंग्जमध्ये गेमिंगखाली 'कॅप्चर्स' मध्ये त्याचा ऑडिओ बंद करता येतो, पण तो एकाच प्रोग्रॅमची खिडकी टिपतो; डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर टिपत नाही. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ५ दाबून 'ऑप्शन्स' मध्ये मायक्रोफोन 'नन' ठेवायचा. उबुंटूच्या २२.०४ पासून प्रिंट स्क्रीनच्या बटणातच रेकॉर्डिंग आहे. तिथलं रेकॉर्डिंग मुकंच असतं, तुमच्यासारख्यांसाठी सोन्याहून पिवळं. अकरा शाखा, दहा-पंधरा विषय आणि दर सुधारणेनंतर पुन्हा नवीन व्हिडिओ असा पसारा असेल तर मात्र ओबीएसच धरा. एकदा नीट लावलं की वर्षभर हात लावावा लागत नाही.

काळा पडदा. बहुतेक वेळा हे लॅपटॉपवर होतं, जिथे ग्राफिक्सच्या दोन चिप असतात, एक वीज वाचवणारी आणि एक ताकदीची. पडदा एकीकडे रंगवला जातो आणि ओबीएस दुसरीवर चालत असतं, म्हणून त्याला काहीच दिसत नाही. डिस्प्ले कॅप्चरच्या (अख्खा पडदा टिपणारा पर्याय) गुणधर्मांत 'कॅप्चर मेथड' आहे, तिथे 'विंडोज १० (१९०३ अँड अप)' निवडून बघा. अनेकदा तेवढ्यावर भागतं. नाहीतर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या 'ग्राफिक्स' पानावर ओबीएसला 'पॉवर सेव्हिंग' लावा. काही सॉफ्टवेअर मात्र सुरक्षेसाठी स्वतःची खिडकी रेकॉर्डिंगपासून मुद्दाम लपवतात. तिथे झटापट करू नका, सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. प्रशिक्षणासाठी वेगळी प्रत देतात कधीकधी.

याच्याच शेजारचा एक खड्डा सांगते, कारण पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही त्यात पडणारच. 'विंडो कॅप्चर' निवडलं की फक्त ती खिडकी टिपली जाते. ठेवीचा प्रकार निवडायची जी यादी खाली उघडते, तारीख निवडायचं जे कॅलेंडर येतं, 'नोंद जतन झाली' असा जो छोटा चौकोन येतो, ते सगळं विंडोजच्या लेखी बऱ्याचदा वेगळ्या खिडक्या असतात. रेकॉर्डिंगमध्ये त्या येतच नाहीत. कर्सर रिकाम्या जागेवर क्लिक करतो आणि जादूने 'मासिक व्याज योजना' असे शब्द उमटतात. आवाज असता तर तुम्ही 'यादीतून तिसरा पर्याय निवडला' असं बोलला असता; मुक्या व्हिडिओत बघणारा तिथेच हरवतो. म्हणून डिस्प्ले कॅप्चर घ्या आणि ऑल्ट दाबून कडा आत ओढून नको तो भाग कापा.

आता तीन जीबी. आवाज काढला की फाइल लहान होईल असं अनेकांना वाटतं, तर आधी ते हिशेबाने बघू. ओबीएस आवाजाला सहसा सेकंदाला १६० किलोबिट देतं. दहा मिनिटांचे १२ एमबी. तीन जीबीत १२ एमबी म्हणजे दर्यामे खसखस. फाइल फुगवली आहे ती चित्राने, आणि तीही सेटिंगमुळे. तीन जीबी भागिले सहाशे सेकंद म्हणजे सेकंदाला सुमारे ४० मेगाबिट होतात. माझा अंदाज असा की गेम खेळणाऱ्यांसाठी दिलेला कुणाचा तरी सल्ला वाचून तुम्ही 'रेट कंट्रोल' मध्ये सीबीआर आणि पुढे ४०,००० असा आकडा टाकला आहे. सीबीआर म्हणजे दर सेकंदाला ठरलेले बिट खर्च करायचेच, गरज असो वा नसो. मार्चअखेरीला निधी परत जाऊ नये म्हणून रस्त्यावर पुन्हा डांबर टाकतात, तसं.

खरं तर स्क्रीनचं रेकॉर्डिंग फार स्वस्तात होणारी गोष्ट आहे. १९२० बाय १०८० ची स्क्रीन सेकंदाला ३० वेळा, काहीही न दाबता साठवली, तर दर सेकंदाला सुमारे १८७ एमबी लागतील. पण तुमच्या फॉर्ममध्ये एका सेकंदात बदलतं काय? कर्सर सरकतो, चार अंक उमटतात. एच.२६४ सारखी व्हिडिओ दाबायची पद्धत मुख्यतः बदल तेवढाच लिहून ठेवते. तिला फक्त मोकळीक द्यायची: सीबीआर काढून सीआरएफ (दर्जा ठरवायचा, बिट लागतील तेवढेच खर्च होतात) निवडा आणि आकडा २० ते २३ च्या दरम्यान ठेवा. आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. सेकंदाला ३० चित्रं नकोत, १५ पुरतात. दहावर कर्सर उड्या मारत जातो आणि मुक्या व्हिडिओत कर्सरचा प्रवास नीट दिसायला हवा, म्हणून मी दहाच्या मोहात पडत नाही. एवढं केल्यावर माझे दहा मिनिटांचे फॉर्म भरण्याचे व्हिडिओ २० ते ३० एमबीत बसतात. खूप स्क्रोलिंग असेल तर दुप्पट. आणि गंमत अशी की इथे आल्यावर बोललेल्या आवाजाचे ते १२ एमबी खरोखरच जड वाटायला लागतात.

आणखी तीन सेटिंग्ज, ज्या कुणी सांगत नाही. पहिली, 'कीफ्रेम इंटरव्हल' शून्यावर असतो तो २ (सेकंद) करा. कीफ्रेम म्हणजे पूर्ण चित्र, बाकी सगळे नुसते बदल. शून्यावर ठेवलं की दोन पूर्ण चित्रांत २५० फ्रेमपर्यंत अंतर पडू शकतं, म्हणजे सेकंदाला १५ च्या हिशेबाने सोळा-सतरा सेकंद. मुका व्हिडिओ लोक सारखे मागे-पुढे ओढून बघतात. कीफ्रेम लांब लांब असले की ओढल्यावर तो भलतीकडेच जाऊन पडतो किंवा अडखळतो. दुसरी, रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्येच करा. साध्या एमपीफोरमध्ये फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्हीत वीज जाईपर्यंतचं सगळं शाबूत राहतं. नंतर ओबीएसच्याच 'फाइल' मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' ने एमपीफोर करून घ्यायचं. भारनियमनाच्या दिवसांत शिकलेला धडा आहे हा, आणि इन्व्हर्टर आल्यावरही मी तो सोडलेला नाही.

तिसरी गोष्ट स्क्रीनच्या मापाची. शाखांतले मॉनिटर बहुधा १३६६ बाय ७६८ चे असतील आणि तुमचा १९२० बाय १०८० चा. तुमच्या मापाने रेकॉर्ड केलं की तिकडे अक्षरं आक्रसतात आणि खातेक्रमांकातला ३ आणि ८ सारखेच दिसतात. रेकॉर्डिंगपुरता तुमचा मॉनिटर १३६६ बाय ७६८ वर आणा आणि ओबीएसमधली 'बेस' आणि 'आउटपुट' ही दोन्ही मापं तीच ठेवा. तुम्हाला समोर थोडं धूसर दिसेल, पण घाबरू नका. ओबीएस मॉनिटरच्या काचेकडे बघत नाही. विंडोजने तयार केलेलं चित्र थेट उचलतं, आणि ते स्वच्छ असतं. तरीही निळ्या पट्टीवरची बारीक लाल अक्षरं फिसकटलेली दिसली, तर तो तुमचा दोष नाही. नेहमीच्या व्हिडिओत उजेड-अंधार पूर्ण बारकाव्याने साठवतात आणि रंग उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्म्या बारकाव्याने. पांढऱ्यावर काळं त्यात टिकतं, निळ्यावर लाल विरघळतं. रंग पूर्ण साठवायची सोय आहे, पण ती फाइल बऱ्याच मोबाइलवर चालत नाही. अशा ठिकाणी मी तो भाग मोठा करून दाखवते.

आता चौथा प्रश्न.

मी पहिल्यांदा मुके व्हिडिओ पाठवले तेव्हा दिवसभर फोन: "मॅडम, आवाज येत नाहीये." मी म्हणायची, नाहीच आहे. समोरून शांतता. एका शाखेने तर फोन न करता सरळ स्पीकर विकत आणले, आणि मग फोन केला. तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओची पहिली चार सेकंदं एक पाटी असते: 'या व्हिडिओला आवाज नाही. पाट्या वाचा.' मूकपटांत जशा मधेमधे पाट्या यायच्या, तीच जुनी युक्ती. हे तुम्हीही कराच, अकरा फोन वाचतील.

बोलत बोलत काम दाखवताना आपला आवाज बघणाऱ्याचं लक्ष हाताला धरून नेतो. आवाज गेला की ते काम कर्सरवर येतं. आणि आपण सगळे कर्सर कसा वापरतो? विचार करताना गोल गोल फिरवतो, वाचताना ओळीखालून सरकवतो, काही नसेल तर उगाच हलवतो. मुक्या व्हिडिओत यातली प्रत्येक हालचाल बघणाऱ्याला सूचना वाटते. माझी रीत अशी: कर्सर सरळ रेषेत त्या चौकटीकडे न्यायचा, थांबायचं. मनात 'एक, दोन' म्हणायचं. मग क्लिक. पुन्हा 'एक, दोन'. मग टाइप. आपल्याला ते कमालीचं संथ वाटतं, माठ माणूस काम करतोय असं. पण त्याच फॉर्मकडे पहिल्यांदा बघणाऱ्याला तो वेग बरोबर लागतो. शंका असेल तर स्वतःचा व्हिडिओ दोन दिवसांनी, डबा खाता खाता बघा.

कीबोर्ड त्याहून अवघड, कारण तो दिसतच नाही. पतसंस्थांची कितीतरी सॉफ्टवेअर माऊसने नाही, टॅब, एंटर आणि एफच्या बटणांवर चालतात. तुम्ही एफ८ दाबता, पडदा बदलतो, बघणाऱ्याला कारण कळत नाही. दाबलेलं बटण पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारे छोटे मोफत प्रोग्रॅम मिळतात: विंडोजवर कारनॅक, मॅकवर कीकास्टर, लिनक्सवर स्क्रीनकी. एकच सावधगिरी: ही साधनं पासवर्डही दाखवू शकतात. लॉगिन करून झाल्यावरच ती सुरू करा. माऊसचा क्लिक ठळक दिसायला मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधला माऊस हायलायटर चांगला (विंडोज, शिफ्ट आणि एच). मोठं करून दाखवायला मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्सचं झूमइट: कंट्रोल आणि १ ने तो भाग मोठा होतो, कंट्रोल आणि २ ने पडद्यावर रेघ ओढता येते. व्याजदराच्या चौकटीभोवती एक लाल चौकोन ओढला की तीन वाक्यं वाचतात.

पाट्यांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. सात-आठ शब्दांपेक्षा लांब पाटी घालू नये, आणि पाटी चालू असताना पडद्यावर दुसरं काही हलू नये. माणूस एका वेळी एकतर वाचतो नाहीतर बघतो. पाटी किती वेळ ठेवायची? मी ती मोठ्याने दोनदा वाचते, तेवढा वेळ. पाटीवर तेच लिहायचं जे पडद्यावर दिसत नाही. 'सेव्ह बटण दाबा' ही पाटी वाया गेली. तुम्ही दाबताय ते दिसतंच आहे. 'नूतनीकरणाची तारीख मुदत संपल्याच्या दिवसाची टाका, आजची नको' ही पाटी मात्र लाखमोलाची, कारण हे पडदा सांगत नाही.

मराठी पाट्यांचा एक खास त्रास आहे. व्हिडिओवर अक्षरं छापणारी काही साधनं देवनागरी नीट जुळवत नाहीत. 'क्लिक' लिहिलं की पहिली वेलांटी जोडाक्षराच्या मागे जाऊन बसते आणि पाय मोडून 'क' सुटा पडतो. एफएफएमपेगच्या जुन्या आवृत्त्यांमधल्या ड्रॉटेक्स्टने माझे असे कितीतरी व्हिडिओ विद्रूप केले. त्याच प्रोग्रॅममध्ये उपशीर्षकं चित्रात उमटवायचा जो दुसरा मार्ग आहे, तो लिबास नावाच्या लायब्ररीवर चालतो आणि त्यात जोडाक्षरं ठीक येतात. पण तुम्हाला एवढ्या खोलात जायचं कारण नाही. सरळ पॉवरपॉइंटमध्ये पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत पाटी बनवा, पूर्ण पडदाभर उघडा आणि तीही ओबीएसनेच रेकॉर्ड करा. जे डोळ्यांना नीट दिसतंय ते व्हिडिओत नीटच येणार. युनिकोड फाँट वापरा. जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला तर काय निघतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

आवाज नसण्याचा एक मोठा फायदाही आहे, तो लोक वापरत नाहीत. आवाज असला की प्रत्येक कापाकापीत वाक्य तुटतं, ओठांशी नाही तरी कर्सरशी मेळ बसवावा लागतो. मुक्या चित्राला अशी काही बांधिलकी नाही. चुकलात? थांबू नका, तीन सेकंद हात बाजूला घ्या आणि तीच पायरी पुन्हा करा. मधलं नंतर कापा. कुठे थांबायला विसरलात? संपादनात तिथलं चित्र तीन सेकंद गोठवा. मी तर अख्खं रेकॉर्डिंग एका दमात करतच नाही.

पण कापाकापीतच माझ्याकडून एक मोठी चूक झाली आहे, आणि तुमच्या यादीत 'दिवसअखेर' बघून ती आठवली. दिवसअखेरची प्रक्रिया चालू असताना पडदा कितीतरी वेळ तसाच राहतो. मी तो कंटाळवाणा भाग स्वच्छ कापून टाकला: बटण दाबलं की लगेच 'प्रक्रिया पूर्ण'. एका शाखेतल्या लेखनिकाने व्हिडिओप्रमाणे बटण दाबलं, अर्ध्या मिनिटात काही झालं नाही, मशीन अडकलं समजून त्याने संगणकच बंद केला. दिवसअखेर अर्धवट. तो गुंता सोडवायला रात्रीचे साडेदहा झाले, आणि चूक त्याची नव्हती. आता मी वाट बघण्याचा भाग कापते, पण त्या जागी पाटी ठेवते: 'इथे पाच ते दहा मिनिटं लागतात. पडदा हलणार नाही. काहीही बंद करू नका.' तुमच्याकडे किती वेळ लागतो तो आकडा टाका.

एक काम रेकॉर्डचं बटण दाबण्याआधीचं. खऱ्या खातेदाराचं नाव, शिल्लक, पॅन किंवा आधार क्रमांक व्हिडिओत येता कामा नये. सॉफ्टवेअरमध्ये प्रशिक्षणाची वेगळी प्रत असेल तर तीच वापरा. 'नमुना खातेदार क्रमांक एक' असं खातं उघडून त्यात दोन ठेवी टाकून ठेवा. नंतर नाव पुसट करायचं म्हटलं तर प्रत्येक फ्रेम बघावी लागते, आणि यादी स्क्रोल होताना एखादं नाव सुटतंच. विंडोजची 'डू नॉट डिस्टर्ब' सोय चालू करा, व्हॉट्सअॅप वेब बंद करा, ब्राउझरचे बाकीचे टॅब मिटवा. आवाज नसला तरी कोपऱ्यात उगवलेला 'आई: येताना दही आण' अकरा शाखा वाचतात.

एक व्हिडिओ म्हणजे एकच काम, दोन-तीन मिनिटांचं. दहा मिनिटांचा मुका व्हिडिओ कुणीही पूर्ण बघत नाही, मीसुद्धा नाही. ठेवीची नवी नोंद, नूतनीकरण, मुदतपूर्व रक्कम देणं, हे तीन वेगळे व्हिडिओ. त्यांपैकी एकात मुद्दाम चूक करून दाखवा: वारसाचं नाव रिकामं ठेवून पुढे जायला बघा, तो लाल संदेश येऊ द्या, मग भरा. फोन येतात ते नेमके त्या लाल संदेशांबद्दल. पार्श्वसंगीत घालण्याचा आग्रह वरून होईल. नको म्हणा, स्पीकर नसलेल्या शाखांसाठी बासरी वाजवून काय उपयोग?

पाठवताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून टाकू नका, ते स्वतःहून दाबतं आणि आकडे वाचता येत नाहीत. 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. फाइलच्या नावात क्रमांक आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती घाला, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी जुनाच व्हिडिओ बघून नव्या पडद्यावर बटण शोधत बसेल.

सगळ्या शाखांना पाठवण्याआधी पहिला व्हिडिओ ज्याने सॉफ्टवेअर पाहिलेलं नाही अशा एकाला दाखवा. त्याच्या मागे उभे राहा, पण तोंड उघडू नका. तो जिथे व्हिडिओ मागे ओढेल ती वेळ कागदावर लिहा. माझ्याकडे पहिल्या खेपेला अशा सात-आठ जागा निघतात. त्यातल्या निम्म्या ठिकाणी पाटी लागते आणि निम्म्या ठिकाणी नुसतं थोडं जास्त थांबणं पुरतं. कॅप्चर मेथड बदलूनही काळा पडदा गेला नाही, तर विंडोजची नेमकी आवृत्ती आणि लॅपटॉपच्या दोन्ही ग्राफिक्स चिपची नावं इथेच लिहा, बघते.